घरचें सुतारी मेज : कठीण लांकडाचें व शेतकऱ्याच्या पडवीस शोभेसें

शेतकऱ्याच्या घरीं हत्यारांचा तोटा सहसा नसतो. कुऱ्हाड, तासणी, हातोडा, करवत, एखादी पटाशी व गिरमिट हीं बहुतेकांच्या माळ्यावर सांपडतात. नसतें तें एवढेंच कीं, ज्या लांकडावर हीं हत्यारें चालवावयाचीं तें लांकूड हालूं न देणारें साधन. त्याच्या अभावीं कोणी दांडा उंबऱ्यावर टेकून तासतो, कोणी ओट्याच्या कडेस धरतो, कोणी पायाच्या अंगठ्याखालीं दाबून करवत चालवितो. काम होतें, पण वेडेंवांकडें होतें. हत्याराची धार जाते आणि कधीं कधीं नडगीवर किंवा बोटावर घाव बसतो. हें सर्व टाळणारें साधन म्हणजे सुतारी मेज होय. तें घरच्या घरीं कसें करावें याची माहिती या पाठांत देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मेजाची गरज आजच कां पडली, असें कोणी विचारील. पूर्वीं गांवोगांवीं बलुतेदार सुतार असे. पेरणीपूर्वीं त्यानें औतें दुरुस्त करून द्यावीं आणि शेतकऱ्यानें खळ्यावर त्याचें बलुतें मोजून द्यावें, असा परस्परांचा बांधलेला व्यवहार होता. तो आतां बहुतेक ठिकाणीं मोडला आहे. सुताराच्या मुलांनीं शहरांत जाऊन रोख मजुरीचें काम धरलें, यांत त्यांचा दोष नाहीं. वर्षाच्या कष्टास मूठभर दाणे घेऊन कोणाचा संसार चालावा? परंतु परिणाम असा झाला आहे कीं, मृगाचा पाऊस पडून वाफसा यावा, तिफण जुंपावी, आणि दिंडास तडा जावा, तर ती नीट करण्यास तालुक्याच्या गांवीं जावें लागतें. वाफसा मात्र कोणासाठीं थांबत नाहीं. पेर चार दिवस लांबली तर तिची भरपाई पुढें कितीही खत घातलें तरी पुरती होत नाहीं, हें वाचकांस आम्हीं सांगावयास नको. ज्यांच्या घरीं औतें लोखंडी झालीं व ट्रॅक्टर आला, त्यांनाही फावड्या-कुदळींचे दांडे, गव्हाणी, दारें-खिडक्या, शिड्या, मधपेट्या हीं कामें आहेतच.

मेजाचा पूर्वेतिहास

आपल्या देशांतील सुतार परंपरेनें जमिनीवर बसून काम करीत आला. त्याचे दोन्ही पाय हेंच त्याचें धरण्याचें साधन. या रीतीस कोणीं हिणवूं नये. पुण्याच्या विश्रामबागवाड्याचे सागवानी खांब व त्यांवरील नक्षी पाहिली म्हणजे बसून काम करणाऱ्या हातांची योग्यता कळते. पण ती योग्यता लहानपणापासून पिढीजाद अभ्यासानें येते. ज्यास वर्षांतून दहावीस दिवसच हें काम करावयाचें त्यास ती साधणें कठीण. त्यास पायांचें काम मेजाकडून करून घेणें सोईचें.

उभें राहून काम करण्याच्या मेजाचें सविस्तर वर्णन ज्यानें लिहून ठेविलें, तो पॅरिस शहरींचा आंद्रे झाकोब रूबो (१७३९–१७९१) हा स्वतः सुतार व सुताराचा मुलगा होता. सुतारकामावरील त्याचा मोठा ग्रंथ १७६९ पासून १७७५ पर्यंत भागाभागानें फ्रान्सच्या विज्ञान अकादमीनें चालविलेल्या उद्योगधंद्यांच्या ग्रंथमालेंत प्रसिद्ध झाला. त्यांत वर्णिलेल्या मेजाचा फळा पांच ते सहा इंच जाड व वीस ते चोवीस इंच रुंद असून लांबी सहापासून बारा फुटांपर्यंत आहे. पाय जाड, थेट फळ्यांत बसविलेले. खण नाहीं, कप्पा नाहीं, शोभेचें कांहींच नाहीं. याच रूबोनें १७८२-८३ सालीं पॅरिसच्या धान्यबाजाराचा अवाढव्य लांकडी घुमट आखूड फळ्यांचे तुकडे जोडून उभारला. तो घुमट १८०२ सालीं आगींत जळाला. पण त्याच्या ग्रंथांतील मेज मात्र आजही देशोदेशींचे कारागीर जसेंच्या तसें करितात. आम्ही खालीं सांगतों तें मेज त्याच जातीचें आहे. फरक इतकाच कीं, आपल्याकडे मिळणारें लांकूड व आपली हवा यांस अनुसरून त्यांत थोडा बदल केला आहे.

लांकूड कोणतें घ्यावें

मेजास तीन गुण पाहिजेत : वजन, कठीणपणा व स्थिरता. हलकें मेज रंध्याच्या प्रत्येक झटक्यासरशीं सरकतें. मऊ लांकडाच्या फळ्यावर हत्याराचे व्रण पडतात. अस्थिर लांकूड पावसाळ्यांत फुगून व उन्हाळ्यांत आटून वांकडें होतें.

सागवान या तिहींत सर्वांत भरवशाचें आहे. तें फार जड नसलें तरी आकार सोडीत नाहीं व त्यास कीड सहसा लागत नाहीं. घनफुटास सुमारें साडेअठरा किलो त्याचें वजन भरतें. बाभूळ त्याहून जड व चिवट. घनफुटास बावीस-तेवीस किलो भरते. गाडीच्या चाकाचा तुंबा आपले पूर्वज बाभळीचाच करीत, तो उगीच नव्हे. ऐन बळकट आहे, पण वाळतांना फार फाटतो. आंबा स्वस्त मिळतो. परंतु त्यास कीड लवकर लागते. सबब त्याची योजना खालच्या फळीपुरतीच करावी. आमचें मत असें कीं, फळा व पाय सागाचे किंवा बाभळीचे, आणि खुंट्या व पाचरी वाळलेल्या बाभळीच्या असाव्या.

बाभूळ घेतल्यास एक गोष्ट विसरूं नये. तिचा बाहेरील पांढरा भाग किड्यांचें आवडतें खाद्य आहे. तो निखालस तासून टाकावा व आंतील तांबूस, काळसर भागच घ्यावा. ओंडका कांहीं आठवडे विहिरींत किंवा तळ्यांत बुडवून ठेवून मग चिरण्याची जुनी रीत आहे. तीही चांगली.

सर्वांत उत्तम म्हणजे पडलेल्या जुन्या घराच्या तुळया. त्या पन्नास-शंभर वर्षें वाळलेल्या असतात व किडावयाच्या असत्या तर केव्हांच किडल्या असत्या. त्या घेतांना लोहचुंबक फिरवून खिळे शोधावे. एक खिळा राहिला तर रंध्याच्या पात्याचा दांत पडतो.

झाड तोडण्यापूर्वीं

आमचा जन्म महसुलाच्या दप्तरांत गेला. त्यामुळें या ठिकाणीं चार शब्द अधिक लिहिल्यास वाचक क्षमा करतील. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, हिच्या कलम २५ प्रमाणें खातेदाराच्या जमिनींतील झाडांवर त्याचा हक्क आहे. पण हक्क असणें निराळें आणि वाटेल तेव्हां कुऱ्हाड चालविणें निराळें. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन कायद्याच्या अनुसूचींत साग, आंबा, जांभूळ, फणस, चिंच, मोह, हिरडा, खैर, ऐन, किंजळ, हळदू, बिजा, तिवस, अंजन, चंदन हीं झाडें आहेत. यांपैकीं कोणतेंही झाड स्वतःच्या शेतांतलें असलें तरी तें तोडण्यास वृक्ष अधिकाऱ्याची लेखी परवानगी आधीं घ्यावी लागते. बाभळीचें नांव त्या अनुसूचींत नाहीं. तरीही तोडीपूर्वीं व माल वाहण्यापूर्वीं वनखात्याच्या जवळच्या कचेरींत चौकशी करावी, हें शहाणपणाचें.

दुसरी गोष्ट सातबाऱ्याची. उताऱ्यावर झाडांची नोंद काय आहे, जमीन सामाईक आहे काय, हें पाहावें. झाड बांधावर असेल तर शेजाऱ्याची संमति लेखी घ्यावी. एका बांधावरच्या बाभळीपायीं दोन सख्खे भाऊ तीन पिढ्या एकमेकांच्या दारीं न गेल्याचीं प्रकरणें आम्हीं कागदांवर पाहिलीं आहेत. मेजासाठीं भाऊबंदकी ओढवून घेण्यांत कांहीं अर्थ नाहीं. एक झाड तोडलें तर दोन लावावीं, हें तर सांगणेंच नको. पुढच्या पिढीलाही मेज लागेल.

चिराई व वाळवण

झाड थंडीच्या दिवसांत तोडावें. ओंडका फार दिवस तसाच न ठेवतां लवकर चिरून घ्यावा. चिरतांना झाडाचा अगदीं मधला गाभा फळ्यांत येऊं देऊं नये, कारण तडे त्याच्याभोंवतीं धरतात. प्रत्येक माप इच्छित मापाहून पाव ते अर्धा इंच जास्त ठेवावें; वाळतांना तितकें आटतें व रंधण्यांत जातें.

चिरलेलें लांकूड सावलींत, वारा खेळेल अशा जागीं, जमिनीपासून फूटभर उंच रचावें. प्रत्येक थरामध्यें दोन दोन फुटांवर इंचभर जाडीच्या काठ्या आडव्या ठेवाव्या, आणि वरच्या थराची काठी खालच्या काठीच्या नेमकी डोक्यावर यावी. काठ्या वेड्यावांकड्या पडल्या कीं फळ्याही तशाच वांकतात. टोकांतून पाणी लवकर उडतें व तेथें भेगा पडतात, म्हणून टोकांस मेण किंवा जाड तेली रंग फांसावा. सर्वसाधारण नियम असा कीं, जाडीच्या दर इंचास एक वर्ष वाळवण पाहिजे. म्हणजे साडेतीन इंच जाडीच्या तुळईस साडेतीन वर्षें ! जुन्या तुळया घ्याव्या असें आम्ही म्हणतों तें यासाठींच.

लांकूड वाळलें कीं नाहीं हें अंदाजानें ठरवूं नये. त्याच लांकडाचा हातभर तुकडा राशींत ठेवावा व दर महिन्यास काट्यावर वजन करून वहींत टिपून ठेवावें. लागोपाठ तीन महिने वजन घटलें नाहीं, म्हणजे लांकूड हवेशीं समतोल झालें असें समजावें. हा प्रयोग उन्हाळ्याच्या आरंभीं करावा. पावसाळ्यांत वजन हवेच्या ओलाव्यानेंच स्थिर दिसतें व आपण फसतों.

मापें व लांकडाचा हिशेब

सुतार अद्याप फूट, इंच व सूत यांतच बोलतो, म्हणून आम्हीही तींच मापें देतों. एक इंच म्हणजे आठ सूत किंवा २५.४ मिलिमीटर.

मेजाची उंची ज्याच्या त्याच्या अंगाप्रमाणें असावी. सरळ उभें राहून हात सैल सोडावा. करंगळी जेथें तळहातास मिळते त्या जागेपासून जमिनीपर्यंतचें अंतर हीच रंधण्यास योग्य उंची. मध्यम बांध्याच्या पुरुषास ती ३० ते ३२ इंच येते. आम्ही ३१ इंच धरलीं आहेत. मेज उंच झालें तर रंध्यावर अंगाचा भार पडत नाहीं व दंड भरून येतात; ठेंगणें झालें तर कंबर दुखते.

सागाची किंवा बाभळीची एकवीस इंच रुंद अखंड फळी आज मिळणें दुरापास्त. मिळाली तरी ती ऋतुमानाप्रमाणें रुंदींत दीड-दोन सूत सहज कमीजास्त होते. म्हणून फळा दोन तुळयांचा करावा व त्यांच्यामध्यें एक इंचाची फट ठेवावी. प्रत्येक तुळई आपापल्या जागीं फुगते-आटते. सांध्यांवर ताण येत नाहीं, सरसही लागत नाहीं. शिवाय त्या फटींत पटाशा व करवत उभ्या ठेवितां येतात. लागणारें लांकूड येणेंप्रमाणें :

फळ्याच्या तुळया २ : रुंदी १० इंच, जाडी साडेतीन इंच, लांबी ६ फूट.
पाय ४ : रुंदी ५ इंच, जाडी साडेतीन इंच, लांबी ३० इंच.
लांबीच्या पट्ट्या २ : ३ इंच × २ इंच, लांबी ४६ इंच.
रुंदीच्या पट्ट्या २ : ३ इंच × २ इंच, लांबी १८ इंच.
शेगड्याचा जबडा १ : ५ इंच × अडीच इंच, लांबी ३० इंच.

घनफूट काढण्याची रीत सोपी आहे. रुंदी व जाडी इंचांत आणि लांबी फुटांत घेऊन तिन्हींचा गुणाकार करावा व त्यास १४४ नें भागावें. एका तुळईचे १० × ३.५ × ६ = २१०; त्यास १४४ नें भागितां जवळजवळ दीड घनफूट येतात. अशा रीतीनें सर्व लांकूड सुमारें पावणेपांच घनफूट होतें. नुकसानी धरून सहा घनफूट घ्यावें. वखारवाल्याकडे जाण्यापूर्वीं हा हिशेब स्वतः करून ठेवावा, म्हणजे मापांत फसगत होत नाहीं. तयार मेज सागाचें असल्यास ८५ ते ९० किलो व बाभळीचें असल्यास शंभर किलोंवर भरेल. हें वजन ओझें समजूं नये. तेंच मेजाचें बळ होय.

ज्यांस उंची बदलावयाची असेल त्यांनीं फक्त पायांची लांबी बदलावी. इच्छित उंचींतून एक इंच वजा केला कीं पायाची एकूण लांबी निघते. कारण तीन इंच व चार सूत फळ्याच्या जाडीचे वजा होतात, आणि फळ्यांत शिरणाऱ्या कुसाचे अडीच इंच मिळवावे लागतात.

पाय व पट्ट्या यांची जोडणी

लांकडाच्या टोकास जिभेसारखें कोरलेलें अंग तें कुसूं, व तें ज्यांत बसतें ती खोबण. या मेजांतील सर्व सांधे याच प्रकारचे आहेत. खिळा एकही नाहीं.

(१) प्रथम सर्व लांकडें रंधून चौरस करावीं व गुण्या लावून तपासावीं. प्रत्येकाचें एक अंग व एक कड 'खरी' म्हणून पेन्सिलीनें खूण करावी. पुढचीं सर्व मापें त्या खुणेच्या अंगापासूनच घ्यावीं.

(२) पायाच्या वरच्या टोकास अडीच इंच उंचीचें कुसूं काढावें. पायाची पांच इंच रुंदी मेजाच्या लांबीच्या दिशेनें राहील. त्या पांच इंचांपैकीं दोन्ही बाजूंस अर्धा अर्धा इंच खांदा सोडावा, म्हणजे कुसूं ४ इंच रुंद राहतें. साडेतीन इंच जाडीपैकीं बाहेरच्या अंगास सव्वा इंच व आंतल्या अंगास एक इंच सोडावा. कुसूं सव्वा इंच जाड होईल.

(३) पट्ट्यांच्या दोन्ही टोकांस दोन इंच लांबीचीं व सहा सूत जाडीचीं कुसें काढावीं. खांद्यापासून खांद्यापर्यंत लांब पट्टी ४२ इंच व आखूड पट्टी १४ इंच भरली पाहिजे. हीं मापें चुकलीं तर पाय फळ्याच्या कडेशीं मिळणार नाहींत.

(४) पायांत खोबणी पाडाव्या. रुंदीची पट्टी जमिनीपासून ५ इंचांवर व लांबीची पट्टी ९ इंचांवर येईल अशा बेतानें खुणा कराव्या. दोन्ही एकाच उंचीवर घेतल्यास पायाच्या पोटांत कुसें एकमेकांस अडवितात व पायही कमजोर होतो. पुढील लांब पट्टीचें बाहेरचें अंग पायाच्या अंगाशीं समतल ठेवावें. मोठी फळी उभी धरतांना तिला त्याचा आधार मिळतो. शेगड्याच्या मळसूत्राचें भोंक व खालच्या पट्टीची खोबण पुढील डाव्या पायास याच वेळीं पाडून घ्यावी. जोडणीनंतर ती पाडणें त्रासाचें होतें.

(५) खोबण पाडतांना आधीं गिरमिटानें भोंकें घेऊन मग पटाशीनें कडा साफ कराव्या. कुसूं हाताच्या दाबानें अर्धें जावें व मोगरीच्या हलक्या ठोक्यानें पुरें बसावें. सैल कुसूं निरुपयोगी. आणि अति घट्ट असल्यास पाय उकलतो.

(६) आतां खुंटीची युक्ति. पायाच्या खोबणीच्या दोन्ही अंगांतून तीन सुतांचें भोंक आरपार पाडावें. मग कुसूं आंत घालून गिरमिटाच्या टोकानें त्यावर भोंकाचा मध्य टिपावा व कुसूं बाहेर काढावें. कुसावरील भोंक मात्र टिपलेल्या जागीं न पाडतां खांद्याच्या बाजूस अर्धा सूत सरकवून पाडावें. पुन्हां जोडून, निमुळत्या टोकाची सुकी बाभळीची खुंटी ठोकली म्हणजे ती वांकड्या वाटेनें जातांना कुसास आंत ओढून धरते. असा सांधा सरसावांचून पिढ्यान् पिढ्या टिकतो. सरकवण अर्ध्या सुतापेक्षां अधिक ठेवूं नये. कठीण लांकडांत खुंटी मोडते किंवा कुसूं फाटतें.

फळा बसविणें

चौकट उभी झाल्यावर दोन्ही तुळया सपाट जमिनीवर पालथ्या मांडाव्या, मधें इंचभर जाडीच्या पट्ट्या घालून फट कायम करावी, आणि चौकट त्यांवर उलटी ठेवावी. पायांचीं बाहेरचीं अंगें तुळयांच्या कडांशीं मिळवावीं व दोन्ही टोकांस दहा दहा इंच सोडावे. मग प्रत्येक कुसाभोंवतीं अणकुचीदार टोंचणीनें रेघ ओढावी. मोजून काढलेल्या मापापेक्षां अशी प्रत्यक्ष उतरलेली रेघ अधिक विश्वासू असते. त्या रेघांच्या आंत पावणेतीन इंच खोल खोबणी पाडाव्या, म्हणजे कुसाच्या वर पाव इंच मोकळा राहून खांदे नीट टेकतील.

चौकट सुलटी करून चौघांच्या मदतीनें एकेक तुळई वर बसवावी व वरच्याच युक्तीनें तुळईच्या बाहेरच्या कडेंतून प्रत्येक पायास एक खुंटी ठोकावी. खालच्या लांब पट्ट्यांवर आंब्याच्या फळ्या आडव्या टाकल्या कीं रंधे व पेट्या ठेवण्यास जागा होते आणि वजनही वाढतें.

फळा सपाट करणें हें काम शेवटीं व धीरानें करावें. मेज जेथें कायमचें ठेवावयाचें तेथेंच, पायांखालीं सपाट दगड देऊन, पाणसळीनें पाहून घ्यावें. नंतर सारख्या उंचीच्या दोन सरळ पट्ट्या फळ्याच्या दोन टोकांस आडव्या ठेवून एकीच्या कडेवरून दुसरीकडे डोळा लावावा. कडा समांतर न दिसल्यास फळ्यास पीळ आहे असें समजून उंच कोंपरे उतरवावे. रंधा आधीं तिरपा, आडव्या अंगानें चालवावा व शेवटीं रेषांच्या दिशेनें.

लांकूड धरण्याचीं साधनें

नुसता फळा म्हणजे टेबल; धरण्याच्या साधनांनीं त्याचें सुतारी मेज होतें. तीं तीन आहेत.

पहिला अडसर. डाव्या टोकापासून ६ इंचांवर, पुढील कडेपासून ४ इंच आंत, दोन इंच चौरस आरपार खोबण पाडून तींत ९ इंच लांब बाभळीचा ठोकळा घट्ट बसवावा. तो मोगरीनें खालून वर व वरून खालीं सरकवितां येतो. रंधावयाची फळी त्यास टेकली कीं तिला कोणी धरावें लागत नाहीं.

दुसरा लोखंडी आंकडा. सहा सूत जाडीच्या गोल सळईचा, पंधरा-सोळा इंच लांब दांडीचा व बगळ्याच्या मानेसारखा वांकविलेला आंकडा गांवचा लोहार करून देईल. चोंच चपटी करावी. फळ्यांत त्यासाठीं दांडीपेक्षां अर्धा सूत मोठीं भोंकें अगदीं उभीं पाडावीं. लांकडावर चोंच टेकून आंकड्याच्या डोक्यावर एक ठोका मारला कीं दांडी भोंकांत तिरपी अडकून लांकूड पक्कें धरते. मागील अंगास ठोका मारला कीं सुटते. यांत मळसूत्र नाहीं, बिघडण्यासारखें कांहीं नाहीं. भोंकें सुरुवातीस मागील तुळईंत दहा दहा इंचांवर चार-पांचच पाडावीं. पुढें काम शिकवील तशीं वाढवावीं.

तिसरा शेगडा, ज्यास बाजारांत वाईस असेंही म्हणतात. पुढील डाव्या पायासमोर जबडा उभा करून, फळ्याच्या पृष्ठापासून ९ इंच खालीं लोखंडी मळसूत्र जबडा व पाय यांतून आरपार घ्यावें. त्याची चाकी पायाच्या मागें बसवावी. जबड्याच्या खालच्या अंगास एक इंच जाड, दोन इंच उंच व १४ इंच लांब पट्टी घट्ट बसवून ती पायांतील, जमिनीपासून दोन इंचांवरच्या खोबणींतून मागें जाऊं द्यावी. या पट्टींत ओळीनें भोंकें असावीं. जेवढ्या जाडीचें लांकूड धरावयाचें तेवढ्या अंतरावरील भोंकांत, जबडा व पाय यांच्यामध्यें, एक खिट्टी घालावी. म्हणजे जबड्याचें खालचें टोंक पायाशीं न जातां वरचें टोंक लांकडास समांतर दाबतें. ही खिट्टी विसरल्यास जबडा वरच्या अंगास उघडा राहतो व पकड येत नाहीं.

उजव्या पुढील पायास चार चार इंचांवर इंचभर व्यासाचीं तीन-चार भोंकें पाडून तींत खुंटी घालण्याची सोय केली म्हणजे लांब फळीचें एक टोंक शेगड्यांत व दुसरें खुंटीवर राहतें. दाराची फळी, जूं किंवा तिफणीचें दिंड एकट्या माणसास या रीतीनें धरितां येतें.

निगा

फळ्यास गुळगुळीत रोगण लावूं नये. त्यावर लांकूड घसरतें. जवसाचें तेल दोन वेळां चोळून सुकूं द्यावें, तेवढें पुरे. तेलानें भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून मात्र कोंपऱ्यांत टाकूं नये. असा बोळा आपोआप तापून पेट घेतो. त्या उघड्या जागीं पसरून वाळवाव्या. पडवींत कडबा असेल तर ही गोष्ट दुप्पट जपावी. वाळवीच्या भयास्तव पायांच्या तळांस डांबर द्यावें. वर्षांतून दोनदां, वैशाखांत व भाद्रपदांत, खुंट्या व पृष्ठभाग तपासावे. उन्हाळ्यांत एखादी खुंटी सैल वाटली तर ती ठोकून बसवावी. फळा उंचसखल झाला असल्यास वैशाखांतच रंधावा, भाद्रपदांत नव्हे.

मेज घरांत आलें म्हणजे त्याच्यावर धान्याचीं पोतीं, तेलाचे डबे व जुनीं वर्तमानपत्रें येऊन बसूं लागतात. त्यांस पहिल्या दिवसापासून मज्जाव करावा. मोकळें मेजच कामास बोलावतें.

कामाचा आरंभ एका मोगरीनें करावा, कारण ती पुढें नित्य लागेल. नंतर कुऱ्हाडीचे व खोऱ्यांचे दांडे, मग गव्हाण, आणि हात बसल्यावर औताचीं कामें घ्यावीं. घरांतील मुलांस, आणि मुलींसही, हें काम शेजारीं उभें राहून पाहूं द्यावें. रेघ ओढणें, मापणें व गुण्या लावणें हीं कामें दहा वर्षांच्या मुलासही येतात, आणि शाळेंतील अपूर्णांक जेथें समजत नाहीं तेथें सुताची पट्टी समजाविते. सवड सांपडेल तसें काम केल्यास एका हंगामाच्या रिकामपणांत हें मेज सिद्ध होतें. कापूस वेंचून झाला व ज्वारी खळ्यावरून घरीं आली कीं हातीं घ्यावें, म्हणजे पुढील मृगापूर्वीं तिफण व कुळव यांची दुरुस्ती त्याच मेजावर होऊन जाईल, आणि वाफसा येईल त्या दिवशीं औत बांधावर तयार असेल.